आमची वाटचाल : आठ चॅनेल, दोन माणसं

मी कीबोर्डवाला, भागीदार ड्रमर. अरेंजर कीबोर्ड म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरली की साथ आपोआप वाजवणारा; त्या साथीची फाइल म्हणजे स्टाइल. अशा स्टाइल्स करून विकणं हा आमचा धंदा. सुरुवातीची यंत्रसामग्री म्हणजे २००१ सालच्या मॉडेलचा एक यामाहा पीएसआर-२००० कीबोर्ड, एक कॉम्प्युटर आणि फ्लॉपींचा डबा. फ्लॉपी आत ढकलली की ड्राइव्ह करकरायचा. त्या करकरण्यावरूनच फाइल वाचली जाणार की नाही हे भागीदार आधी सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

कामाची वाटणी पहिल्या दिवशी ठरली ती आजतागायत तीच. स्टाइलमध्ये एकेका वाद्याची एकेक वाट, तिला चॅनेल म्हणतात. चॅनेल ९ आणि १०, म्हणजे दोन्ही ऱ्हिदम, त्याचे. ११ ते १६, म्हणजे बेस, दोन कॉर्ड, पॅड आणि दोन फ्रेज, माझे. त्याने क्वांटाइझ, म्हणजे सूर यंत्राकडून मात्रेवर नेमके बसवून घेणं, कधी शंभर टक्के लावलं नाही. स्नेअर केसभर मागे ठेवायचा, आणि मी कुरकुर केली की म्हणायचा, "तू तुझा बेस सांभाळ."

मधली वर्षं सरळ गेली. फ्लॉपी जाऊन पेनड्राइव्ह आला, स्टाइल-फाइलचा साचा एसएफएफ१ चा एसएफएफ२ झाला, माल जात राहिला.

तर आता जिने घोळ घातला ती स्टाइल. सहा-आठचा संथ ठेका. सी मेजर सेव्हनवर रेकॉर्ड केलेला, बेसमध्ये सा रे ग प ध नि, मध्यम टाळलेला, सगळं रीतसर. मास्तरांना पाठवली. मास्तर आमचं पहिलं गिऱ्हाईक. एकटे कार्यक्रम करतात, डावा हात कॉर्डवर, उजवा सुरावर, पाठीशी आमचे आठ चॅनेल. कार्यक्रम आटोपल्यावर रात्री फोन आला.

"अहो, झकास आहे. पण सीवरून ए मायनरला गेलो की तुमचा बेस पळून जातो."

"मास्तर, कॉर्ड उशिरा लागत असेल."

"आजवर कधी लागली नाही ती आजच बरी उशिरा लागली!"

पहाटे तीनपर्यंत फाइल उकलत बसलो. कॅझममध्ये, म्हणजे कॉर्डनुसार सूर कसे बदलायचे हे सांगणाऱ्या फाइलच्या भागात, बेसचा आरटीआर, म्हणजे कॉर्ड बदलली की चालू सुराचं काय करायचं तो नियम, 'स्टॉप'वर राहिला होता. म्हणजे बारच्या, आपल्या आवर्तनाच्या, मध्येच कॉर्ड बदलली की चालू सूर तोडायचा आणि पुढचा सूर येईपर्यंत गप्प बसायचं. माझा बेस लांब सुरांचा, त्यामुळे अर्धा बार मोकळा. चाचणी घेताना मी कॉर्ड दर वेळी बारच्या पहिल्याच मात्रेवर बदलत होतो, मग कळणार कसं? 'पिच शिफ्ट टू रूट' केलं, म्हणजे चालू सूर न तोडता नव्या कॉर्डच्या मूळ सुरावर सरकवायचा, आणि दुसरी आवृत्ती सगळ्यांना पाठवली.

पण सगळ्यांमध्ये एक गृहस्थ होते. नाव घेत नाही. गोड बोलून आमच्या ४० स्टाइल्स घेतल्या होत्या. काही महिन्यांनी मास्तरांकडे त्यांच्या ओळखीचा एक वादक रडत आला: नवा पेनड्राइव्ह घेतलाय, हजारो स्टाइल्स आहेत, पण एका सहा-आठमध्ये बेस पळतो. मास्तर फोनवर हसत होते. मला हसू आलं नाही.

आमच्या चाळीसच्या चाळीस, नावं बदलून, त्या गृहस्थांनी पेनड्राइव्हच्या गठ्ठ्यात घातलेल्या! कोणत्या मॉडेलवर काय चालतं याचा विचारही नाही. मेगाव्हॉइस, म्हणजे काही मॉडेल्सवरच्या खास आवाजांतल्या, गिटारवर जे सी६ च्या वरचे सूर बोटं तारेवर घासल्यासारखे वाजतात, ते साध्या गिटारवर नुसते किंचाळतात. लोकांना वाटलं, आमचंच काम असं.

मी त्या गृहस्थांना फोन केला. म्हणाले, "सहा-आठ काय तुमच्या बापाचा आहे का?" ठेका कुणाच्या बापाचा नसतो, कबूल. पण स्टॉपवर राहिलेला तो आरटीआर माझ्या बापाचाच होता!

पुढचं दीड वर्ष विक्री जवळजवळ बंद. चांगले स्पीकर विकले. भागीदार दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत वाजवायला जाऊ लागला. पीएसआर-२००० कुणी घेतला नाही म्हणून राहिला. मास्तर मात्र दर महिन्याला एक स्टाइल सांगून करून घ्यायचे. ती त्यांना खरंच लागायची का, मी विचारलं नाही.

नव्याने या कामात पडणाऱ्यांनो, चाचणी घेताना कॉर्ड दुसऱ्या, चौथ्या मात्रेवर बदलून बघा. बेसची हाय की, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर कुठवर चढू द्यायचा ती मर्यादा, तपासा, नाहीतर बी कॉर्डला तो वर जाऊन बसतो. मेन ए ते मेन डी हे स्टाइलचे साध्याकडून भरगच्चाकडे जाणारे चार भाग; मेन ए मध्ये हात आखडता घ्या. सगळं तिथेच ओतलंत तर मेन डी ला काय वाढणार?

त्या पेनड्राइव्हवाल्यांचे फोन अजून येतात. मी दुरुस्त फाइल फुकट पाठवतो. भागीदाराला ते पटत नाही. पहिल्यांदा पाठवली तेव्हा आठवडाभर बोलला नव्हता. गेल्या महिन्यात पाठवायला बसलो तर म्हणाला, थांब. फाइल उघडली, फिल बीबी, म्हणजे मेन बी मधला भराव, काढला आणि शेवटचा उघडा हायहॅट, म्हणजे ड्रमच्या झांजांची जोडी, बंद करणारा सूर घातला. तो मुळापासून राहिला होता, आणि त्याला माहीत होतं.