माझा अनुभव: दोन फ्लाइंग स्कूल आणि मध्ये अडकलेली माझी फाईल

पायलट व्हायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: इंटिग्रेटेड की मॉड्युलर? मी मॉड्युलर घेतलं, आणि आज पुन्हा विचारलंत तरी तेच सांगेन. पण ज्या एका गोष्टीपायी माझं डोकं फिरायची वेळ आली, ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटिग्रेटेड म्हणजे एकच स्कूल, एकच करार, शून्यापासून कमर्शियल लायसन्सपर्यंत सलग. मॉड्युलर म्हणजे तुकड्यातुकड्यानं: आधी प्रायव्हेट लायसन्स, मग उड्डाणाचे तास साठवणं, थिअरी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी), मल्टी-इंजिन, कमर्शियल. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या ठिकाणी केला तरी चालतो. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमात कमर्शियलसाठी किमान २०० तास लागतात, मान्यताप्राप्त कोर्समधून केलं तर १५०. काही देश यावर स्वतःची भर घालतात, ती आधीच बघून घ्या. तिसरा रस्ता एमपीएलचा, म्हणजे मल्टी-क्रू पायलट लायसन्सचा, २००६ मध्ये आलेला. त्यात किमान २४० तास, पण त्यातले बरेच सिम्युलेटरवर. तुम्ही थेट एअरलाइनचे को-पायलट म्हणून घडता. मात्र त्या लायसन्सवर एकट्यानं विमान चालवून पैसे कमावता येत नाहीत. त्यासाठी कमर्शियलच्या अटी वेगळ्या पुऱ्या कराव्या लागतात. ज्या एअरलाइनसाठी घडलात तिनंच भरती थांबवली तर पंचाईत. मला ते नको होतं. सगळी फी एका दमात एकाच स्कूलच्या हवाली करणंही नको होतं.

प्रायव्हेट लायसन्स झालं, तास साठले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घोडं अडलं ते पुढं. इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियलसाठी दुसऱ्या स्कूलमध्ये गेले, तर त्यांनी पहिल्या स्कूलकडून प्रमाणित ट्रेनिंग रेकॉर्ड मागितलं. रास्त मागणी. मी अर्ज दिला. काही दिवसांनी कागद आला आणि त्यावरचे एकूण तास माझ्या लॉगबुकापेक्षा, म्हणजे उड्डाणांच्या माझ्या नोंदवहीपेक्षा, कमी निघाले!

आता हे कमी कसे? एक ओळ काढून बघितली. माझ्या वहीत १ तास १५ मिनिटं, त्यांच्या रजिस्टरात १.२. आणि १.२ म्हणजे १ तास १२ मिनिटं, कारण दशांशातलं एक घर म्हणजे सहा मिनिटं. तीन मिनिटं इथंच गेली. दुसऱ्या ओळीत फरक आणखी मोठा. शोधता शोधता कळलं की काही फ्लाइट्सचे आकडे त्यांनी विमानातल्या टॅको नावाच्या मीटरवरून उतरवले होते. टॅको इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. टॅक्सी करताना इंजिन हळू, तर तोही हळू. मेंटेनन्सच्या हिशेबाला तो ठीक. पण लायसन्ससाठी वेळ मोजतात ती विमान उड्डाणासाठी जागचं हललं तिथपासून ते शेवटी थांबलं तिथपर्यंत. म्हणजे वही माझी बरोबर होती, आणि तरी कागदावर खोटी मीच ठरत होते.

नवीन स्कूल म्हणालं, दोन्ही आकडे जुळवून चीफ इन्स्ट्रक्टरच्या सहीशिक्क्यानिशी आणा. जुन्या स्कूलचे चीफ इन्स्ट्रक्टर तोवर नोकरी सोडून गेलेले. नवे आले होते, ते म्हणाले, "तुम्ही उडत होतात तेव्हा मी इथं नव्हतो, मी सही कशी करू?" यावर काय बोलणार! ऑफिसमध्ये विचारलं की उत्तर एकच: "फाईल वर पाठवली आहे, मॅडम." वर म्हणजे कुठं, हे कुणी सांगेना. मेलला उत्तर नाही, फोन केला की "उद्या बघतो".

दरम्यान घड्याळ थांबत नाही, ही खरी चीड. चाळिशीच्या आतल्यांचं क्लास वन मेडिकल (कमर्शियल पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) बारा महिने चालतं, ते संपत आलेलं. हात तर रोज थोडा थोडा गंजत होता.

शेवटी सुटलं ते दोन गोष्टींनी. एक, मी एकूण बेरजेवर भांडणं सोडलं आणि प्रत्येक फ्लाइटची ऑथरायझेशन शीट मागितली. त्यावर विमान निघाल्याची आणि थांबल्याची वेळ त्याच दिवशी हातानं लिहिलेली असते, इन्स्ट्रक्टरच्या सहीसकट. जुन्या कपाटातून गठ्ठे निघाले, मी तिथंच बसून ओळीनं ओळ जुळवली. दुसरी, प्रमाणपत्राचा मजकूर बदलून घेतला. "अमुक तास उडवल्याचं मी प्रमाणित करतो" याऐवजी "आमच्या दप्तरी असलेल्या नोंदींनुसार". नव्या साहेबांची अडचण तिथंच मिटली. सही त्यांनी उभ्याउभ्याच केली. इतके आठवडे ज्यासाठी खेटे घातले ती सही!

तेव्हा मॉड्युलर घेणार असाल तर स्कूल बदलायच्या दिवशी रेकॉर्ड मागू नका, प्रत्येक टप्पा संपला की घेत चला. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची बेरीज तिथल्या तिथे तपासून सही घ्या आणि पानाचा फोटो काढून ठेवा. तास दशांशात की मिनिटांत, कोणत्या मीटरवरून, हे पहिल्याच दिवशी विचारा. कमर्शियलसाठी ३०० नॉटिकल मैलांची सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्यानं करायचं लांबचं उड्डाण, असते, तिच्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावं लागतं. त्या उतरण्याचा पुरावा वेगळा जपा, तो मागतातच.

इंटिग्रेटेडवाल्यांना हा ताप नाही, हे कबूल. त्यांची फाईल एकाच कपाटात असते. पण तेच स्कूल बंद पडलं तर तेही माझ्याच रांगेत येतात, वर भरलेली फी अडकलेली. म्हणून फी टप्प्याटप्प्यानं घेतात का, हे कुठंही आधी विचारा. आणि विमानं किती आहेत हे विचारू नका, आज उडण्याजोगी किती आणि एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती, हे विचारा.

मेडिकलचं राहिलंच की. पहिला रुपया भरायच्या आधी क्लास वन करून घ्या. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्यानं दोन्ही डोळ्यांची नजर ठरलेल्या मापात आली तर चालतं. रंग ओळखण्याची चाचणी मात्र अनेकांना अनपेक्षितपणे अडवते. आणि कानांच्या चाचणीच्या आदल्या दिवशी चालू इंजिनाशेजारी तासन्‌तास उभे राहू नका. कान काही वेळ बधिर राहतात आणि ऑडिओग्राम उगाच खराब येतो.