४० मीटर अखेर शांत: गोंगाट डक्टमधून येत होता

काल संध्याकाळी सव्वासातला हॅम (हौशी) रेडिओच्या ४० मीटर बॅण्डवर, ७.१०० मेगाहर्ट्झला, रिग (रेडिओ संच) लावली आणि सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर पाचावर. पाच! मार्चपासून याच वेळेला गोंगाटामुळे नवाच्या खाली कधी आला नव्हता. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, खरखर गेली वाटतं आज. म्हणजे फरक भिंतीपलीकडेही ऐकू गेला.

मागच्या अपडेटला या गोंगाटासाठी मी इमारतीच्या पॅसेजच्या नवीन एलईडी ट्यूबांवर ठाम बोट ठेवलं होतं. पुरावाही तसाच होता, पावणेसातला टायमरवर दिवे लागले की वॉटरफॉल (स्क्रीनवरचं सिग्नलचं चित्र) पांढराफटक, घरचा मेन एमसीबी पाडून बॅटरीवर ऐकलं तरी आवाज तेवढाच, आणि हातात साधा ट्रान्झिस्टर एएमला लावून जिना चढलो तर प्रत्येक मजल्याच्या ट्यूबपाशी घूंऽऽ वाढायचा. सेक्रेटरी काकांनी माझ्यासाठी मीटर रूममध्ये येऊन पॅसेजचा स्विच दोन मिनिटं बंदही केला, तेव्हा वॉटरफॉल एकदम काळा झाला. (काकांचे खरंच आभार, त्यांचा काही संबंध नसताना आले.) त्यामुळे सगळ्या सात मजल्यांच्या ट्यूबा बदलून घ्यायच्या, निम्मे पैसे मी देतो, असा अर्ज लिहून तयार होता.

तो द्यायच्या आदल्या दिवशी सहज म्हणून ७१८ (माझी रिग) आणि यूपीएसची ७ एएचची बॅटरी गच्चीवर नेली. प्लास्टिकच्या खुर्चीवर रिग ठेवली, डक्टमधून येणारा कोॲक्स (अँटेनाची जाळीवाली केबल) अनअनवरून (अँटेनाच्या बुडाशी असलेला जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर) काढला, तीन फुटी जम्पर लावला. तीच २० मीटरची एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) वायर अँटेना, तोच ४९:१ अनअन, खाली सगळे दिवे चालू. एस ४. मी तीनदा बॅण्ड बदलून बघितला, अँटेना सुटलीय का म्हणून, पण नाही, स्टेशन्स मस्त येत होती, फक्त गोंगाट नव्हता. म्हणजे ट्यूबांचा आवाज हवेतून वायरवर येतच नव्हता, तो कोॲक्सवरून चढत होता.

मग सगळं जुळत गेलं. एंड-फेडला एकच पाय असतो, दुसरा पाय ती कुठून तरी घेणारच, आणि मी काउंटरपॉइज (दुसऱ्या पायाची वेगळी वायर) लावलाच नव्हता म्हणजे तो दुसरा पाय माझ्या कोॲक्सची जाळी होती. ती जाळी गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत डक्टमधून येते, त्याच पट्टीवर पॅसेजच्या दिव्यांच्या वायरी बांधलेल्या, चार मजले अगदी चिकटून. अँटेनाचा निम्मा भाग मी स्वतःच गोंगाटाला बांधून ठेवला होता.

उपाय चोक (रिंगवर कोॲक्सचे वेढे, जाळीवरून चढणारा कॉमन मोड प्रवाह अडवायला), हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण कोर, म्हणजे ती रिंग! बुधवार पेठेत फेराइट म्हणून जी पिवळी-पांढरी रिंग मिळते तिच्या नादी लागू नका. ती २६ मिक्स (मिश्रणाचा नंबर), आयर्न पावडर, पॉवर सप्लायच्या फिल्टरला ठीक, ७ मेगाहर्ट्झला कॉमन मोड अडवायला काही उपयोगाची नाही. मी तिच्यावर दहा वेढे मारून नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) बघितलं आणि तसेच सोडवून ठेवले. शेवटी एफटी२४०-३१ (३१ मिक्सचा फेराइट कोर) बाहेरून मागवला, महाग पडतो, तीन आठवडे वाट बघावी लागते, पण ४० मीटरला ४३ पेक्षा ३१ च घ्या असं माझं स्पष्ट मत. आरजी-५८ कोॲक्सचे बारा वेढे बसतात, शेवटचे दोन जरा दाबून. चोक अनअनच्या लगेच खाली लावला आणि अनअनच्या ग्राउंडला दोन मीटर वायर काउंटरपॉइज म्हणून कठड्याला बांधली.

लावल्यावर अँटेनाचा रेझोनन्स ७.१० वरून ६.९५ मेगाहर्ट्झला गेला, साहजिक आहे, जाळी आता अँटेनात नाही. वायर कापली नाही, टोकाला ४० सेंटिमीटर मागे दुमडून पिळ दिला, एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, १ म्हणजे उत्तम) ७.१ ला १.३. नऊवरून पाच म्हणजे चार एस युनिट, २४ डीबी. एफटी८ (कॉम्प्युटरवरचे छोटे डिजिटल संदेश) वर ७.०७४ ला संध्याकाळी एका स्लॉटला सहा-सात संदेश डिकोड व्हायचे ते काल पंचविसाच्या पुढे.

पण खरा आनंद साडेसातला. कोल्हापूरचे एक ज्येष्ठ ओएम (ओल्ड मॅन, म्हणजे हॅम मित्र) गेले चार महिने मला संध्याकाळी हाक मारायचे आणि मी दरवेळी फक्त कॉलसाइनचं शेपूट पकडून 'अगेन, अगेन' करत बसायचो. काल पहिल्याच ओव्हरला पूर्ण कॉपी, नाव, रिपोर्ट, त्यांच्याकडे पाऊस सुरू झाल्याचंही. ते म्हणाले, आज तू दुसऱ्या घरातून बोलतोयस का? मी म्हटलं, नाही दादा, घर तेच आहे. दहा मिनिटं बोललो, ४० वर संध्याकाळच्या वेळी, साध्या एसएसबीवर (आवाजी मोड). लॉगमध्ये ती ओळ मी पेनाने लिहिली.

ट्यूबांचा अर्ज आता देत नाही. पुढचं ठरवलं होतं की दुसरा ३१ मागवून रिगच्या टोकालाही एक चोक लावायचा. पण हे टाइप करता करता वाटतंय की आधी कोॲक्स डक्टमधून काढूनच टाकावा. गच्चीवरून पावसाच्या पाइपाला धरून सरळ माझ्या बाल्कनीत, २५ मीटरऐवजी सोळा-सतरात काम होईल, आणि दिव्यांच्या वायरींशी संबंधच संपला. मग दुसरा चोक बाल्कनीत, घरात शिरायच्या आधी, तिथे तो जास्त कामाचा, कारण उरलेल्या पाचात माझ्याच राउटरचा अडॅप्टर आहे असा संशय आहे. पावसाळ्यात बाहेरचे पीएल-२५९ कनेक्टर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने गुंडाळायचे, नुसत्या काळ्या टेपने मागच्या वर्षी एका कनेक्टरची जाळी हिरवी पडली होती.

टाकी धुवायला रविवारी माणूस येणार आहे, त्याच्याकडे लांब शिडी असते. काकांना विचारून ठेवलंय. कुणाकडे आरजी-५८ पाइपाला बांधायच्या यूव्हीत टिकणाऱ्या क्लिपा असतील तर कुठून घेतल्या ते सांगा, शनिवारपर्यंत हव्यात.

७३ (शुभेच्छा)