तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पुस्तक की आधी पिक्चर?

दापोलीजवळ आमच्या आगरात घरगुती राहायची सोय आहे, चार खोल्या, पुढे मोठी पडवी, आणि पडवीत सासऱ्यांचं पुस्तकांचं कपाट. पाहुणे समुद्रावरून आले की पाय धुऊन तिथेच टेकतात, चहा होईपर्यंत कपाट उघडून बघतात आणि मग हमखास विचारतात, "काकू, ह्याच्यावर पिक्चर आहे ना? मग आधी पुस्तक वाचू की आधी पिक्चर बघू?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी पिक्चर बघा. बिनधास्त बघा. (चिं. त्र्यं. खानोलकरांची पुस्तकं सोडून, ते पुढे सांगते.)

मी गारंबीचा बापू पहिल्यांदा बघितला तो व्हीसीआरवर, सहावीत असताना. गणपतीत वाडीतल्यांनी वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणलेला, खळ्यात ताडपत्री टाकली होती, पाऊस आला की सगळे पडवीत आणि थांबला की परत खळ्यात, असं करत करत रात्री दोनपर्यंत बघितला. १९८० सालचा पिक्चर, काशिनाथ घाणेकर बापू आणि आशा काळे राधा. घाणेकर म्हणजे चिपळूणचे, त्यामुळे बायका आपल्या घरातला मुलगा असल्यासारख्या बोलत होत्या त्यांच्याबद्दल. कादंबरी आहे हे मला माहीतच नव्हतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासऱ्यांनी श्री. ना. पेंडशांची कादंबरी हातात दिली, १९५२ साली आलेली, आणि म्हणाले पिक्चर बघितलायस ना, आता वाच, पेंडसे आपल्या मुर्डीचे.

तेव्हा मला कळलं की पिक्चर आधी बघितल्याचं काहीही नुकसान झालेलं नाही. उलट गोष्ट माहीत होती म्हणून पुढे काय होतंय ह्याची घाई नव्हती, मी सावकाश वाचू शकले. खळ्यात बसून बघताना माझं सगळं लक्ष बापू आणि राधेवर होतं, पुस्तकात मला विठोबा भेटला, बापूचा बाप, अण्णा खोताकडे राबणारा माणूस. त्याच्यावर मी किती दिवस विचार करत होते. आणि घाणेकरांचा चेहरा डोळ्यासमोर येईल असं वाटलेलं, तो पहिली चाळीस-पन्नास पानं आला, मग आपोआप गेला आणि आमच्याच गावातल्या एका माणसाचा चेहरा आला.

उलटं केलेले लोक मी खूप बघितलेत. पुस्तक वाचून पिक्चर बघणारा माणूस मनात यादी घेऊन बसतो, हे नाही दाखवलं, ते कापलं, तिचं नाक असं नव्हतं. अहो पण अडीच-तीन तासांत चारशे पानं मावणार कशी, कापावं लागणारच. तेच पिक्चर आधी बघितला तर जे जे कापलंय ते सगळं पुस्तकात तुम्हाला नव्याने मिळतं. तीच दोन कामं, फक्त क्रम बदलायचा आणि रागाच्या जागी आनंद. मला हे इतकं सरळ वाटतं की लोक ह्यात अपराधी का वाटून घेतात कळत नाही.

श्यामची आईचं सांगते. अत्र्यांचा १९५३ चा पिक्चर, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो आमच्या पिढीने शाळेत सतरंजीवर बसून बघितला. २०२३ मध्ये नवीन आला, तोही ब्लॅक अँड व्हाइट. तो बघून आलेला एक सहावीतला मुलगा त्याच्या आईबाबांबरोबर आमच्याकडे चार दिवस होता. त्याला मी पुस्तक दिलं आणि सांगितलं की ह्यात धडे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री, आश्रमात संध्याकाळी मित्र जमतात आणि श्याम एकेक आठवण सांगतो, म्हणून तू पण रोज एकच रात्र वाचायची. साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, स्वतःची आई जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. त्यामुळे पिक्चरमध्ये आई समोर दिसते, बोलते, पण पुस्तकात ती नाहीये आणि तिला आठवणारा मुलगा आहे, हा फरक त्या पोराला तिसऱ्या रात्री स्वतःहून कळला, मी काही बोलले नव्हते. चौथ्या दिवशी त्यांना पालगडला पाठवलं, गुरुजींचं गाव आमच्याच तालुक्यात. पुस्तक त्यांनी जाताना बाजारात घेतलं. गुरुजी १९५० मध्ये गेले, आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणून २०११ पासून ते कोणीही छापू शकतं आणि स्वस्त मिळतं. घ्याच.

तुंबाडबद्दल विचारणारे तर दर विकेंडला. २०१८ चा पिक्चर बघून येतात आणि वाडा कुठाय विचारतात. त्यात पेंडशांच्या तुंबाडचे खोतचं फक्त नाव आहे, गोष्ट नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली. कादंबरी म्हणजे दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या चार पिढ्या. पिक्चरमधला तो हस्तर राक्षस शोधत बसाल तर मिळणार नाही, पण हाव पुष्कळ मिळेल.

देवदासचंही तेच. सासऱ्यांच्या कपाटात शरदबाबू, म्हणजे देवदास लिहिणारे बंगाली लेखक शरच्चंद्र, मामा वरेरकरांच्या मराठीत आहेत (वरेरकरही चिपळूणचेच). १९३५, १९५५, २००२, कुठलाही देवदास बघा आणि मग ते छोटंसं पुस्तक वाचा. २००२ च्या पिक्चरमध्ये पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात, पुस्तकात त्यांची भेटच होत नाही. दोघी एकाच माणसासाठी झुरतायत आणि एकमेकींना बघितलेलंही नाही, हे मला जास्त लागलं.

आता खानोलकर. वेंगुर्ल्याचे, कविता आरती प्रभू नावाने. ह्यांचं मात्र आधी वाचा. कोंडुरा कादंबरी १९६६ ची, श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये तिच्यावर पिक्चर केला, हिंदीत आणि तेलुगूत, गोष्ट पार आंध्रात नेली. पिक्चर चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण पुस्तक वाचताना त्यातल्या नायकाला, परशुरामाला, जे दिसलं ते खरंच होतं की त्याच्या मनातलं, हे तुम्हाला ठरवता येत नाही, आणि त्यातच सगळी भीती आहे. पडद्यावर अमरीश पुरी समोर उभे राहिले की ती धाकधूक कमी होते. एकदा तो चेहरा डोळ्यात बसला की पुस्तकातला अंधार परत मिळत नाही, मी हे स्वतः अनुभवलंय, मी पिक्चर आधी बघितला होता आणि मला अजून वाईट वाटतं. चानीचंही तसंच, शांतारामबापूंचा रंजनावाला पिक्चर नंतर बघा. सोनेरी केसांच्या त्या पोरीला गाव कसं लांब ठेवतं ते आधी खानोलकरांच्या शब्दांत वाचा.

कोंडुरा नावाची जागा खरी आहे, वेंगुर्ल्याजवळ, आमच्याकडून पूर्ण दिवसाचा प्रवास. वाचून झाल्यावर जा, आणि पावसाळ्यात नको, खडकांवर लाटा फार जोरात येतात.