फ्लोटचा शेजारी शोधताना हाती लागलेले १६७७७२१६

मागच्या नोंदीत मी ठोकून दिलं होतं की फ्लोटमध्ये (सी भाषेतली ३२ बिटांची दशांश संख्या) एप्सिलॉन (१ आणि त्याच्या लगेच पुढच्या फ्लोटमधलं अंतर) मिळवला की पुढचा फ्लोट मिळतो. चूक. ते फक्त १ ते २ या पट्ट्यात खरं आहे. ४ मध्ये मिळवून बघा, उत्तर ४ च येतं, कारण तिथे शेजाऱ्यांमधलं अंतर एप्सिलॉनच्या चौपट असतं. ०.२५ मध्ये मिळवला तर उलटंच, एकदम चार घरं पुढे उडी.

मग नेक्स्टआफ्टरकडे वळलो, ते लगतचा शेजारी काढून देतं. सीच्या १९९९ च्या मानकापासून (सी९९) हे फंक्शन मॅथ डॉट एच मध्ये आहे. त्यातही एक संध्याकाळ वाया गेली: फ्लोटसाठीच्या नेक्स्टआफ्टरएफ मधला शेवटचा एफ विसरलो. एफ नसलेलं फंक्शन १ चा डबलमधला (६४ बिटांच्या संख्येतला) शेजारी देतं, तो फ्लोटमध्ये ठेवताना राउंड होऊन परत १ होतो, आणि लूप जागच्या जागी फिरत बसतो. माझ्या कंपायलरने यावर चकार शब्द काढला नाही. प्रिंटएफच्या टक्का एफने तर एफ लावला काय न लावला काय, दोन्ही वेळा १.०००००० च दाखवलं असतं. आता मी टक्का ए वापरतो, हेक्समध्ये खरं काय ते दिसतं.

या आठवड्याचं काम म्हणजे ‘पुढचा फ्लोट’ स्वतः लिहिणं. १ चे बिट हेक्समध्ये ३एफ८०००००. त्यांना पूर्णांक समजून १ मिळवला की ३एफ८००००१, म्हणजे साधारण १.००००००१२. घातांकाचे बिट अपूर्णांकाच्या डावीकडे असल्यामुळे हातचा आपोआप घातांकात जातो, म्हणून पट्टा बदलतानाही वेगळं काही करावं लागत नाही. मला तरी आयईईई ७५४ (फ्लोट कसे साठवायचे याचं मानक) मधली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. ऋण संख्यांना मात्र १ वजा करायचा, कारण चिन्हाचा बिट वेगळा असतो आणि उरलेले बिट वाढले की संख्या शून्यापासून लांब जाते. बिट काढायला मेमसीपीवाय, म्हणजे बाइट जसेच्या तसे नकलणारं फंक्शन. पॉइंटर कास्ट करून वाचू नका, स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम (एका प्रकारची मेमरी भलत्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचू नये) मोडतो.

पहिली आवृत्ती दोन ओळींची: शून्यापेक्षा लहान असेल तर वजा १, नाहीतर अधिक १. फ्लोटचे सगळे बिट-नमुने ४२९४९६७२९६. तेवढे एका लूपमध्ये सहज तपासून होतात (काउंटर ६४ बिटांचा घ्या, ३२ चा घेतलात तर तो शेवटी शून्यावर येतो आणि लूप संपतच नाही). प्रत्येक उत्तर लायब्ररीच्या नेक्स्टआफ्टरएफशी ताडून पाहिलं.

न जुळलेले: १६७७७२१६.

हा आकडा बघून पोटात गोळा आला. दोनाचा २४ वा घात! फ्लोटमध्ये मोजायला बसलं की काउंटर बरोबर इथेच अडकतो, कारण १६७७७२१७ फ्लोटमध्ये मावतच नाही. मोजणीच फ्लोटमध्ये केली की काय, म्हणून कोड दोनदा वाचला. नाही, काउंटर पूर्णांकच होता. आकडा खरा होता.

मग फोड केली. १६७७७२१४ नॅन, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असं सांगणारे नमुने. नॅन स्वतःशीही जुळत नाही, तेव्हा तो दोष माझ्या तुलनेचा. उरले दोन. एक धन अनंत, त्यात १ मिळवला की नॅन होतो. दुसरा ऋण शून्य (फ्लोटमध्ये शून्यालाही चिन्ह असतं). तो ‘शून्यापेक्षा लहान’ या अटीत बसत नाही, म्हणून १ मिळवला गेला आणि वर जायचं सोडून शून्याच्या लगतच्या ऋण संख्येवर उतरला. ऋण अनंताची धास्ती होती, तो मात्र बिनबोभाट त्याच्या लगतच्या, शून्यापासून सगळ्यात लांबच्या सान्त ऋण संख्येवर आला.

तीन अटी घातल्या: नॅन आणि धन अनंत जसेच्या तसे परत, कुठलंही शून्य आलं तर बिटांचा पूर्णांक थेट १. तुलनेत दोन्हीकडे नॅन असेल तर जुळलं म्हणायचं. पुन्हा चालवलं, न जुळलेले शून्य. ‘मागचा फ्लोट’ वेगळा लिहिला नाही, चिन्ह उलटवून हेच फंक्शन बोलावतो आणि उत्तराचं चिन्ह परत उलटवतो.

डबलला हा सरसकट लूप चालणार नाही, दोनाचा ६४ वा घात म्हणजे जन्म पुरायचा नाही. तिथे प्रत्येक घातांकाच्या सीमेवरचे दोन-चार शेजारी, दोन्ही शून्यं, दोन्ही अनंत आणि सबनॉर्मलची (शून्याजवळच्या अगदी लहान संख्यांची) दोन्ही टोकं, एवढंच तपासायचं ठरवलंय. सी२३ मध्ये नेक्स्टअप आणि नेक्स्टडाउन तयार आलेत, हे माहीत आहे. तरी मी माझंच पुढे रेटणार.