विहिरीत सोडलेला प्लास्टिकचा मासा

गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला गेलो होतो. नंदीध्वज पाहिले, शेंगाचटणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मित्राच्या मोटरसायकलवर बसून निघालो, मासे न धरायला.

मित्राकडे डबाभर ल्युअर (गळ लावलेली खोटी आमिषं) आहेत, अमेरिकेतल्या बास माशासाठी बनवलेले. बास उत्तर अमेरिकेचा. हा त्यांवर मरळ धरतो. दोरा ओढताना हाताला जी थरथर लागते, तेव्हा खाली नेमकं काय चाललेलं असतं, एवढंच मला बघायचं होतं.

आधी हिप्परग्याचा तलाव गाठला. १८७१ सालचं धरण, ऐसपैस पाणी, पण हिरवं. ल्युअर हातभर खाली गेला की गायब. मग सरळ नान्नजकडे, मित्राच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर. जानेवारीत विहिरीचं पाणी कोमट आणि नितळ असतं. पोरं तिथं पोहतात, म्हणून सगळे गळ काढून टाकले. पण गळाचं वजन गेलं आणि ल्युअर आडवा पडून तरंगायला लागला! शेवटी त्याच्या पोटाला सोल्डरची तार गुंडाळली.

मी गॉगल लावून पाण्यात, मित्र वरून रीळ फिरवतोय. पहिला क्रँकबेट. त्याच्या ओठाखाली प्लास्टिकची जीभ असते. ओढलं की पाणी तिच्यावर दाबतं आणि ल्युअर नाक खाली करून बुडतो. जिभेच्या दोन्ही कडांनी आळीपाळीने भोवरे सुटतात, म्हणून अंग डावी-उजवीकडे हलतं. हाताला लागणारी थरथर ती हीच. मित्र थांबला. ल्युअरही थांबला, आणि शेपटी वर करून हळूहळू उलटा, मागे सरकत वर यायला लागला. काठावरून हे कधीच दिसलं नव्हतं. आम्ही थांबतो तेव्हा काहीच चाललेलं नसतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

एक ल्युअर सारखा डावीकडे पळत होता. पकडीने त्याची दोऱ्याची कडी उजवीकडे केसभर वाकवली. सरळ झाला. पात्याचा चमचा पाहिला (गोल पातं धपधप करतं, लांबट पातं नुसतं चमकत फिरतं), रबरी गांडूळही पाहिलं. ते लाल होतं. खाली गेल्यावर मळकट काळं दिसायला लागलं. दुकानदार रंगाचे पैसे उगाच घेतात.

तेवढ्यात अप्पा, मित्राचे वडील, काठावर आले. ‘‘गळ न्हाई, मासा न्हाई, मग भिजलास कशापायी रं?’’ मी सांगितलं, फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमारानं १९३६ साली बुचाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी चिकटवली. मोठे मासे थव्यातल्या वाकड्या पोहणाऱ्यालाच गाठतात, हे त्याने पाहिलं होतं.

अप्पांना त्यात काही नवल वाटलं नाही. नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. ‘‘लंगडं कोकरूच आधी जातंय की,’’ म्हणाले, आणि मित्राच्या हातातला रॉड घेऊन स्वतःच बसले. ओढ, थांब. ओढ, थांब. जास्त वेळ थांबा, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

हुरडा भाजून गार झाला तरी ते उठेनात.