केदारकंठा: सुती कपडे सोलापुरातच ठेवून निघा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरचा पहाटेचा पारा 15 अंशांच्या आसपास आला की सकाळी फिरायला निघणारे कानटोप्या आणि स्वेटर बाहेर काढतात. त्याच पहाटे उत्तराखंडात केदारकंठा या बर्फातल्या ट्रेकच्या वरच्या मुक्कामी तंबूबाहेर उणे 10 असू शकतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या थोडं वर, केदारकंठ्याचा माथा सुमारे 3,800 मीटरवर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, आणि तो मुलूख आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आहे. एवढा फरक ऐकला की माणसं सापडतील तेवढे जाड कपडे कोंबून निघतात. पण चालणारा माणूस बर्फात गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच घामाने, आणि तो घाम अंगाशी धरून ठेवतं ते आपलं सूत.

यंत्रमागांच्या गावात हे समजवायला फार वेळ लागू नये. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला मॉइश्चर रीगेनचे, म्हणजे कोरडा धागा हवेतून किती ओल धरतो त्याचे, आकडे तोंडपाठ असतात: सूत 8.5 टक्के, पॉलिस्टर 0.4 टक्के, लोकर 16 च्या आसपास. सूत नुसत्या हवेतली ओलसुद्धा शोषतं, मग घाम किती पीत असेल! घरी करून बघा. एक सोलापुरी टॉवेल घ्या आणि साधारण तेवढ्याच वजनाचं फ्लीसचं, म्हणजे पॉलिस्टरच्या मऊ, लोकरीसारख्या कापडाचं, जॅकेट घ्या. दोन्ही बादलीत बुडवा, घट्ट पिळा, सावलीत दोरीवर टाका. टॉवेलवरचे उभे फासे बोटांनी चाचपून पाहा. कोरडे असताना त्यांच्यामध्ये हवा असते, म्हणून टॉवेल मऊ आणि उबदार लागतो. भिजल्यावर ते आडवे पडून एकमेकांना चिकटलेले असतात आणि मधली हवा गेलेली असते. फ्लीस मात्र झटकलं की पुन्हा फुगतं, आणि टॉवेलच्या कितीतरी आधी वाळतं. लोकर ओल पिते खरी, पण तिच्या तंतूंचे वळसे मोडत नाहीत, त्यामुळे दमट असतानाही ती ऊब देते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता पळवतं. ओला सुती बनियन घालून वाऱ्यात बसणं म्हणजे अंगाला गार पाण्याची पट्टी गुंडाळून बसणं.

म्हणून बनियन, सुती अंतर्वस्त्रं, सुती मोजे आणि जीन्स या चारही गोष्टी घरी ठेवा. बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणाऱ्या कपड्यांचं लेबल वाचा, त्यांतले बरेचसे सुती किंवा सूतमिश्रित असतात. सोलापुरी चादर रेल्वेच्या बर्थवर हवीच, पण डेहराडूनच्या पुढे तिचा उपयोग नाही.

अंगावर चार थर धरायचे. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ, अंगाबरोबर बसणारा थर. त्यावर फ्लीस. मग पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं जाड जॅकेट, आणि सगळ्यांत बाहेर वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट. चालताना अंगावर पहिला आणि दुसरा थर, फार तर बाहेरचा. जाड जॅकेट फक्त थांबल्यावर. यात सगळे चुकतात. सकाळी तंबूतून निघताना थंडी वाजते म्हणून जाड जॅकेट चढवतात, वीस मिनिटांत चढणीवर घामाघूम होतात, आणि पहिल्या विश्रांतीला तो घाम पाठीवर गार पडून दात वाजायला लागतात. निघताना किंचित काकडत निघा. दहा मिनिटांनी थांबून एक थर काढा. थांबल्यावर मात्र थंडी वाजायची वाट न बघता लगेच जाड जॅकेट चढवा. आपल्याला घामाची इतकी सवय असते की पाठ ओली झाल्याचं लक्षातच येत नाही. ती सवय तिथे मोडावी लागते.

पिसांचं जॅकेट भिजलं की त्यातली पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. बर्फ पडत असताना ते बाहेरच्या जॅकेटच्या आतच असू द्या.

पायांचं गणित वेगळं. जाड मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट बसवले की रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्या, आतमध्ये बोटं हलवता आली पाहिजेत. एक पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा आणि त्यावर एक लोकरीचा, एवढंच. बूट नवेकोरे घालून जाऊ नका, किमान महिनाभर रोज वापरून मऊ करा. ताजा बर्फ असेल तर गुडघ्याखाली गेटर्स, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी आवरणं, बांधा, नाहीतर बर्फ बुटात शिरतो आणि वितळतो. रात्री बूट तंबूच्या दाराशी सोडले तर सकाळी त्यांचा दगड झालेला असतो. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा.

हातमोजे दोन थरांचे हवेत. आतले पातळ, ज्यांनी चेन लावता येईल, नाडी बांधता येईल. बाहेरचे पाणी न शिरणारे. वरच्या वाऱ्यात उघड्या हाताने पाच मिनिटं फोटो काढले की बोटं ऐकेनाशी होतात. उणे 10 मध्ये ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं झोंबतं.

रात्रीची झोप स्लीपिंग बॅगपेक्षा खालच्या चटईवर जास्त अवलंबून असते. अंगाच्या वजनाने बॅगेचं भरण खाली चेपतं, त्यामुळे जमिनीकडून येणारी थंडी चटईच अडवते. एकाऐवजी दोन फोमच्या चटया घाला. बॅगेवर दोन आकडे असतात, त्यातला ‘कम्फर्ट’चा आकडा बघा. ‘लिमिट’चा आकडा कुडकुडत का होईना निभावण्यापुरता असतो. तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासाच्या वाफेने आतलं भरण दमट होतं. झोपण्याआधी लघवीला जाऊन या, दिवसाचे दमट कपडे बदला आणि काहीतरी तेलकट-तुपकट खा. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. तीच बाटली सकाळचं प्यायचं पाणी. तंबूत शेगडी, कोळसा, स्टोव्ह काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

खाण्यात मात्र सोलापूरकर पुढे आहेत. कडक भाकरी बर्फासाठीच बनवल्यासारखी आहे. पातळ थापून, भाजून पूर्ण वाळवलेल्या ज्वारीच्या भाकरीत पाणी उरलेलं नसतं, त्यामुळे ती गोठत नाही. पोळी आणि पराठा खिशाबाहेर ठेवले की चामड्यासारखे होतात. सोबत शेंगाची चटणी. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला साधारण 565 कॅलरी असतात आणि त्यातला मोठा भाग तेलाचा, म्हणून ती हळूहळू, बराच वेळ ऊब देते. कडाक्यात तेल थिजून चटणीचा गोळा होतो. ती स्टीलच्या डबीत नको, तिचं झाकण हातमोज्यांनी उघडत नाही. छोट्या झिप पाकिटांत भरून आतल्या खिशात ठेवा. तिखट नेहमीपेक्षा कमी घाला, उंचीवर पोट आधीच कुरकुरतं. तिळगूळही आतल्या खिशातच, नाहीतर दाताची कसोटी लागते.

उन्हाळ्यात आपण तांब्यावर तांब्ये रिचवतो. बर्फात तहान लागतच नाही, पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जात असतं. दिवसाला तीन ते चार लिटर ठरवून प्या. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, उलट्या बाटलीत तो बुडाशी धरतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीने प्यायची पिशवी नको, नळी सगळ्यांत आधी गोठते. बर्फ वितळवून पाणी करायची वेळ आली तर पातेल्यात आधी पेलाभर पाणी घालून मगच बर्फ टाका. कोरडा भुसभुशीत बर्फ थेट टाकला तर तळाशी पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. ताज्या बर्फाचं आठ-दहा लिटरचं आकारमान घेतलं तर जेमतेम लिटरभर पाणी हाती लागतं, इंधन त्या हिशोबाने घ्या. साधा ब्यूटेन गॅस शून्याच्या आसपास वायू होणं सोडतो, त्यामुळे थंडीत शेगडी फुरफुरून विझते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण हवं.

आता उंची. चढाई सुरू होते ते सांक्री गाव सुमारे 1,950 मीटरवर, पहिला मुक्काम जुडा का तालाब 2,750 च्या आसपास, त्यावरचा तळ साधारण 3,400. म्हणजे दोन दिवसांत झोपण्याची जागा जवळजवळ दीड किलोमीटर वर सरकते. सपाट प्रदेशातून थेट आलेल्या शरीराला हे घाईचं आहे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 63 टक्के उरतो. आमचं स्पष्ट मत आहे की सांक्रीत एक रात्र जास्त काढावी, खर्च वाढला तरी चालेल. डोकं दुखणं, सोबत मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही विरळ हवेची पहिली लक्षणं. असं झालं तर त्या दिवशी वर चढायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर त्याच क्षणी खाली निघायचं, मग रात्र असो की पहाट. विरळ हवेच्या त्रासासाठीची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे सोलापुरातच डॉक्टरांना विचारा. सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती त्यांना आधी सांगा.

गारठ्याचीही पायरी ओळखता यायला हवी. हुडहुडी भरते तोवर शरीर झुंजत असतं. बोबडी वळली, चेन लावता येईना, पाऊल अडखळू लागलं की त्या माणसाला थांबवून कोरडं करा, बॅगेत घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाजा. ऊब न मिळताच थरथर थांबली तर ती फार वाईट खूण आहे. पांढरं पडलेलं, बधिर बोट बर्फाने चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. काखेत किंवा पोटावर धरा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर पूर्ण गोठलेला भाग वाटेत वितळवायचा नाही.

माथ्याच्या दिवशी पहाटे तीन-चारला निघतात, कारण तेव्हा बर्फ टणक असतो. ऊन चढलं की तो भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत रुततात, आणि दुपारी ढग भरून येतात. हेडटॉर्चचे सेल आणि मोबाइल रात्रभर अंगालगत ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची, उतरताना टाच रोवायची. उतारावर मागे रेललं की पाय निसटतो. टणक बर्फावर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली अडकवायचे धातूचे दाते, लावाच. काळा चष्मा ढगाळ हवेतही काढू नका. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखणं संध्याकाळी सुरू होतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा.

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना 45 किलोमीटरचं कौतुक नसतं, पण ते डांबरी रस्त्याचं चालणं. चढणीसाठी जिने लागतात. चार मजली इमारत साधारण 12 मीटर धरा. 8 किलोची सॅक घेऊन 30 वेळा वर-खाली केलं की 360 मीटर होतात, म्हणजे वरच्या तळापासून माथ्यापर्यंतच्या चढणीच्या जवळपास. आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस. सुरुवात दहा फेऱ्यांनी. लिफ्टने खाली येऊ नका. शेवटच्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरताना, म्हणून उतरण्याचाही सराव हवा.

दिवस निवडताना सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचा विचार होणारच. यात्रा उरकून जानेवारीअखेर निघालं तर बर्फ भरपूर मिळतो. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून डेहराडून, आणि पुढे मसुरी, पुरोला, मोरीमार्गे सांक्रीचा सुमारे 200 किलोमीटरचा घाटरस्ता, ज्यात आख्खा दिवस जातो. उत्तरेत धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, म्हणून जाताना एक दिवस हातचा ठेवा. रोख पैसे डेहराडूनमध्येच काढा. हा प्रदेश गोविंद पशुविहाराच्या हद्दीत येतो, वनखात्याचं प्रवेशशुल्क आणि ओळखपत्राची प्रत लागते. स्थानिक गाइड घ्या, बर्फाने वाट बुजली की जंगलात सगळ्या बाजू सारख्याच दिसतात.

सांक्री-सौडच्या जुन्या घरांमध्ये दगडाच्या थरांमध्ये देवदाराच्या तुळया बसवलेल्या दिसतील. खाली गुरं, वर माणसं, म्हणजे जनावरांची ऊब वर चढते. बर्फ पडायच्या आत लाकूड, चारा आणि राजमा भरून ठेवलेला असतो. जेवणात मंडुव्याची रोटी मागा. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, आणि पुरोल्याकडचा लाल तांदूळ राजम्याबरोबर फार छान लागतो. पाणी गोठलेल्या नळाऐवजी झऱ्यावरून वाहून आणलेलं असतं, तेव्हा अंघोळीला गरम बादली मागताना विचार करा.

परत आल्यावर पिसांची बॅग आणि जॅकेट दाबून भरलेल्या पिशवीतून लगेच काढा, दोन दिवस सावलीत पसरून वाळवा आणि मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. कडक उन्हात टाकू नका, वरचं नायलॉन विरतं.