नोकरी सोडून नाटकात येऊ का?

तालीम संपली, सतरंजी गुंडाळायला घेतली की कुणीतरी मागे रेंगाळतं. बहुतेक पंचविशीतलं, बँकेत नाहीतर कंपनीत चिकटलेलं. "ताई, नोकरी सोडू का? आता पूर्णवेळ अभिनयच करावासा वाटतो."

अशा वेळी मी काय उत्तर देते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. कपाटातून 'लमाण' काढून हातात ठेवते. डॉ. श्रीराम लागूंचं हे आत्मकथन पॉप्युलर प्रकाशनाने २००४ साली काढलं. माझ्या प्रतीची शिवण उसवलीय, दोनदा खळ लावून चिकटवलीय, इतक्या हातांतून ती फिरलीय.

लागूंची गोष्ट सगळ्यांना एका ओळीत पाठ असते: कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये डॉक्टरकी सोडली आणि नट झाले. ही ओळ ऐकली की आपल्यालाही राजीनामा खरडावासा वाटतो. पण त्याआधीची वर्षं बघा. पुण्यात १९५१ च्या सुमाराला भालबा केळकर आणि मित्रमंडळींबरोबर पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ही हौशी नाट्यसंस्था उभी राहिली, तेव्हापासून हा माणूस हौशी रंगभूमीवर राबतोय. वैद्यकीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा, इंग्लंड झालं, टांझानियात टाबोराला डॉक्टरकी झाली, आणि तरी नाटक सुटलं नाही. 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले तेव्हा वय एक्केचाळीस-बेचाळीस. लोक याला उडी म्हणतात. मला तर अठरा वर्षं एकेक पाऊल टाकत केलेली वाट दिसते.

आणि 'लमाण' हे नाव. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरणारे ते लमाण. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर नटाला लमाणच म्हणतात. माल लेखकाचा, आपण तो पोचवायचा. स्वतः अप्पासाहेब उभे केलेल्या नटाने आयुष्याच्या कहाणीला हा शब्द द्यावा, याने मला दर वेळी गलबलून येतं. पुस्तकही तसंच आहे. घरच्या हकिगती थोड्या, एकेक भूमिका कशी हाताशी आली याचाच हिशोब जास्त.

माल पोचवणं म्हणजे काय, ते १९७० च्या 'गिधाडे'त बघावं. तेंडुलकरांचं हे नाटक लागूंनीच बसवलं. नाटकातल्या रमाच्या गर्भपातानंतर तिच्या साडीवर लाल डाग दिसायचा होता, सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. मग डाग निळा केला, आणि प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं की हा निळा रंग लाल समजावा. माझ्या मते, दिग्दर्शक म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं मला कुणी शिकवलेलं नाही. डाग गेला असता तर नाटकाचा प्राणच गेला असता. त्यांनी वाद तर घातलाच, पण प्रयोगही थांबू दिला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं. त्रेचाळीस वर्षांचा नट, आणि भूमिका घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्या अप्पासाहेबांची. ती स्वगतं आज आपली पोरं स्पर्धेत धडाधडा म्हणून टाकतात. आवाज चढतो, हातवारे होतात, टाळी पडते, आणि शिरवाडकर तिथेच राहून जातात.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा पुस्तक घेऊन गेला. दीड महिन्याने परत आला. राजीनाम्याबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. म्हणाला, "ताई, एक स्वगत म्हणून दाखवू?" तिसऱ्या वाक्यातच त्याचा श्वास संपला. क्रियापद गिळलं गेलं, आणि सगळं वाक्य तर त्या क्रियापदावरच उभं होतं. मी त्याला पेन्सिल दिली. श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ मार म्हटलं. त्याने मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. नऊ वाजले, वॉचमन किल्ल्या वाजवायला लागला. बारा ओळींतल्या चारच झाल्या होत्या.

"उद्या ऑफिस सुटलं की येतो," म्हणाला. मी दिवे मालवले. जिन्यावरून उतरताना तो तेच वाक्य पुटपुटत होता, आणि या वेळी क्रियापद शेवटापर्यंत ऐकू आलं.